तुळशीपत्र ठेवल्यानंतर

इंदूरचा लालबाग राजवाडा एका पिढीत उभा राहिला नाही. काम सुरू झालं १८८६ मध्ये, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात, आणि पुरं झालं १९२१ मध्ये, तिसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत. मधे शिवाजीरावांची राजवट येऊन गेली. आजोबांच्या काळात पाया पडला, नातवाच्या काळात शेवटचा हात फिरला. खान नदीच्या काठी आजही ते मोठं फाटक दिसतं. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकांवर ते बेतलेलं आहे. एका पिढीचं धन पुढच्या पिढीच्या हाती जाणं म्हणजे काय, याचं इतकं ठसठशीत रूप इंदुरात दुसरं नसेल.

त्याच परिसरात राहणाऱ्या, निवृत्त झालेल्या मराठी जोडप्यांच्या मनात हाच विषय लहान आकारात घोळत असतो. मुलीला घर घ्यायचंय, मुलाला धंद्याला भांडवल हवंय, नातीचं पुढचं शिक्षण आहे. दोघांच्या नावावर मुदत ठेवी आहेत. मग प्रश्न येतो, ‘आम्ही दोघांनी मिळून मुलीला वीस लाख दिले, तर कर लागेल का?’

लागत नाही. आईवडिलांनी मुलांना दिलेल्या रकमेवर आपल्याकडे ना देणाऱ्याला कर आहे, ना घेणाऱ्याला. रकमेला वरची मर्यादाही नाही. आईवडिलांच्या पश्चात वारसा म्हणून किंवा मृत्युपत्रानं जे मिळतं, त्यावरही कर नाही. एवढं उत्तर ऐकून बहुतेक जण निर्धास्त होतात आणि तिथेच चुकतात. कारण कायदा कर मागत नसला, तरी एक प्रश्न नक्की विचारतो: जे दिलं, ते खरंच सोडलं का?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. दान देताना हातावर पाणी सोडतात. हक्क सोडायचा असेल, तर वस्तूवर तुळशीपत्र ठेवतात. आणि तुळशीपत्राची सगळ्यांत मोठी कथा होळकरांच्याच घरातली आहे. अहिल्याबाईंनी होळकरांच्या खजिन्यावर तुळशीपत्र ठेवलं, तो धर्मकार्याला वाहिला, असं परंपरेनं सांगतात. पुढे राघोबादादांनी त्यातून पैसे मागितले, तेव्हा त्यांनी कळवलं म्हणे, की हे द्रव्य आता दानाचं आहे. दान म्हणून घेत असाल तर संकल्प सोडून देते. कथेतला तपशील कसाही असो, त्यातलं तत्त्व चोख आहे. एकदा सोडलेलं धन आपलं उरत नाही. ते मागणाऱ्याचं नाही, आणि देणाऱ्याचंही नाही.

होळकरांच्या घरात कुणाचं धन कोणतं, याची रेषाही फार आधी आखली गेली होती. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना ‘खासगी’ जहागीर दिली. ‘दौलत’ म्हणजे राज्याचं उत्पन्न. ‘खासगी’ वेगळी, राणीच्या अखत्यारीतली. गौतमाबाईंनंतर ती अहिल्याबाईंकडे आली आणि देशभरातली त्यांची घाट-मंदिरांची कामं या खासगीशी जोडलेली आहेत. नवऱ्याचं वेगळं, बायकोचं वेगळं, आणि ते कागदावर लिहिलेलं, हा धडा लालबागच्या आसपासच्या प्रत्येक जोडप्यानं घ्यावा असा आहे.

वारसा कर होता, तेव्हा

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ‘वारसा कर’ हा शब्द गाजला. अनेक तरुणांना तो नवा वाटला. पण स्वतंत्र भारतात हा कर तब्बल एकतीस वर्षं होता. १९५३ चा मालमत्ता शुल्क कायदा, म्हणजे ‘इस्टेट ड्यूटी’, त्या वर्षीच्या १५ ऑक्टोबरपासून लागू झाला. तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. माणूस गेल्यावर त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवर हा कर बसे. सर्वांत वरच्या टप्प्याचा दर पुढे ८५ टक्क्यांपर्यंत गेला. २० लाखांच्या वरच्या भागातले शंभरातले पंच्याऐंशी रुपये सरकारजमा.

मग लोकांनी सरळ वाट शोधली. मरणानंतर कर आहे ना? तर जिवंतपणीच मुलांना देऊन टाकू. कायदा करणाऱ्यांनी हे आधीच ओळखलं होतं. मृत्यूच्या आधीच्या दोन वर्षांत दिलेली भेट मृताचीच मालमत्ता धरली जाई. आणखी एक अट होती: दिलेल्या वस्तूचा ताबा आणि उपभोग देणाऱ्याकडेच राहिला असेल, तर ती भेट भेटच नव्हे. मुलाच्या नावावर घर केलं आणि बाप पूर्वीसारखाच त्याचं भाडं खात बसला, तर ते घर बापाचंच. तुळशीपत्र ठेवलं, पण डब्याची किल्ली कमरेलाच.

तरीही फट उरली. दोन वर्षांहून आधी दिलेलं सुटून जाई. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर यांनी १९५६ मध्ये भारताच्या करव्यवस्थेवर अहवाल दिला. त्यानंतर १९५७ मध्ये संपत्ती कर आला आणि १९५८ मध्ये भेट कर. म्हणजे जिवंतपणी दिलं तरी कर, मागे ठेवलं तरी कर.

एवढी तटबंदी करून हाती काय लागलं? १६ मार्च १९८५ ला अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी अर्थसंकल्पात सांगितलं, की या शुल्कातून वर्षाला जेमतेम २० कोटी रुपये मिळतात आणि वसुलीचा खर्च त्या मानानं फार आहे. त्याच दिवसापासून इस्टेट ड्यूटी गेली. भेट कर १ ऑक्टोबर १९९८ पासून संपला, संपत्ती कर २०१६ मध्ये.

नात्यांची यादी

भेट कर गेल्यावर नवीच पळवाट निघाली. दडवलेला पैसा ‘भेट मिळाली’ म्हणून उजळ माथ्यानं खात्यात येऊ लागला. म्हणून १ सप्टेंबर २००४ पासून नियम उलटा केला. कर देणाऱ्यावर नाही, घेणाऱ्यावर. परक्याकडून वर्षभरात मिळालेल्या भेटींची बेरीज ५० हजारांच्या वर गेली, की ती सगळी रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न. फक्त वरची रक्कम नव्हे, सगळी. मर्यादा सुरुवातीला २५ हजार होती, २००६ मध्ये ५० हजार झाली.

पण ‘नातेवाईक’ यातून वगळले, आणि नातेवाईक कोण याची यादी कायद्यातच दिली: नवरा-बायको, भाऊ-बहीण, त्यांचे जोडीदार, आईवडिलांचे भाऊ-बहीण, थेट रेषेतले पूर्वज आणि वंशज, जोडीदाराकडचे तसेच. आईवडील, मुलं, नातवंडं, सून, जावई सगळे यात बसतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, कलमांचे आकडे बदलले, पण ही यादी तीच राहिली.

यादी वाचताना एक गंमत ध्यानात येते. मामानं भाच्याला दहा लाख दिले तर करमुक्त, कारण मामा हा भाच्याच्या आईचा भाऊ. पण मोठ्या झालेल्या भाच्यानं त्याच मामाला दहा लाख दिले, तर ते मामाचं करपात्र उत्पन्न. घेणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं, तर बहिणीचा मुलगा यादीत नाही. चुलत-मावस भावंडंही नाहीत. आपल्याकडे ती सख्ख्याहून जवळची असतात, पण कायद्याच्या यादीत ती परकीच.

लग्नाचा आहेर करमुक्त आहे, कुणीही दिलेला, पण ज्याचं लग्न त्यालाच मिळालेला. मुलीच्या लग्नात वडिलांच्या मित्रानं वडिलांच्या हातात ठेवलेलं पाकीट या सवलतीत बसत नाही. मुंज, वास्तुशांत, साठीशांत यांनाही ही सवलत नाही.

तीन पाकिटं

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, लालबागजवळ राहणाऱ्या एका जोडप्यानं दिवाळीला तीन पाकिटं करायचं ठरवलं. प्रत्येकी दहा लाखांची. एक नोकरी न करणाऱ्या विवाहित मुलीला, एक सुनेला, एक त्याच सुनेच्या दहा वर्षांच्या मुलीला, म्हणजे नातीला. तिघींनी पैसे ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत टाकले. वर्षाला प्रत्येकीचं व्याज ७० हजार. पाकिटं सारखी, व्याज सारखं. कर मात्र तीन वेगळ्या दारी जातो.

मुलीचं व्याज मुलीचं. तिला दुसरं उत्पन्न नसेल तर ७० हजार नव्या करपद्धतीच्या ४ लाखांच्या मूळ मर्यादेच्या खूप आत आहेत, म्हणून कर शून्य. हेच दहा लाख वडिलांच्या नावावर राहिले असते आणि ते ३० टक्क्यांच्या टप्प्यात असते, तर २१ हजार रुपये आणि वर उपकर गेला असता.

सुनेचं व्याज सासूसासऱ्यांकडे परत येतं. भेट करमुक्त असली, तरी सुनेला दिलेल्या धनाचं उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात जोडतात. नवरा-बायकोनं एकमेकांना दिलेल्या धनाचंही तसंच. सुनेनं त्या ७० हजारांची पुन्हा ठेव केली, तर त्या व्याजावरचं व्याज मात्र तिचं स्वतःचं. जावयाला दिलं असतं, तर हा नियम लागलाच नसता. सुनेला दिलं म्हणजे घरातल्या घरातच राहिलं, जावयाला दिलं म्हणजे घराबाहेर गेलं, अशी १९६१ च्या कायद्याची कुटुंबाबद्दलची समजूत त्यात गोठून राहिली आहे. सुना आज स्वतः कमावतात, स्वतःची विवरणपत्रं भरतात. हा भेद काढून टाकायला हवा असं मला मनापासून वाटतं.

नातीचं व्याज तिच्या आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्याकडे जातं, कारण ती अठराच्या आतली. आजीआजोबांकडे ते परत येत नाही. तिनं स्वतःच्या कलेनं किंवा कौशल्यानं काही मिळवलं, समजा बालकलाकार म्हणून काम केलं, तर ते उत्पन्न मात्र तिचंच.

तिन्ही पाकिटांमागे तोच एक प्रश्न आहे: धन खरंच दुसऱ्याच्या हातात गेलं का, की ज्याच्यावर तुमची सत्ता चालते अशा घरच्याच हातात ठेवलंत?

कागद

करमुक्त भेटीलाही पुरावा लागतो. तिसऱ्या वर्षी मुलीला आयकर खात्याची नोटीस आली, ‘खात्यात वीस लाख कुठून आले?’, तर ‘आईबाबांनी दिले’ हे तोंडी उत्तर पुरत नाही.

रक्कम बँकेतूनच जावी. रोख दोन लाख किंवा त्याहून जास्त, एका माणसाकडून एका दिवसात घ्यायला कायद्यानं बंदी आहे. ही बंदी बाप-लेकीच्या व्यवहारालाही लागू आहे आणि दंड घेणाऱ्याला, घेतलेल्या रकमेइतका. पैशाच्या भेटीचं बक्षीसपत्र नोंदवावं लागत नाही. साधा मजकूर पुरतो. कुणी, कुणाला, नातं काय, तारीख, रक्कम, कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात, ‘प्रेमापोटी, मोबदल्याशिवाय’ दिली, आणि घेणाऱ्याची ‘स्वीकारली’ अशी सही. दोघांनी देताना दोन कागद करावेत, आईचा वेगळा, बाबांचा वेगळा. संयुक्त खातं असेल तर पैसा मुळात कुणाच्या कमाईचा, हे लिहावं.

घर किंवा प्लॉट द्यायचा असेल, तर नोंदणी अटळ. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार स्थावराचं बक्षीसपत्र नोंदवलेलं, दोन साक्षीदारांच्या सह्यांचं आणि देणारा जिवंत असतानाच स्वीकारलेलं हवं. मुद्रांक शुल्क राज्याराज्यांत निराळं. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडांना देताना मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. मध्य प्रदेशातले दर वेगळे, म्हणून इंदूरच्या घराचा हिशेब पुण्याच्या भावाच्या अनुभवावरून करू नये.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. घर देताना भांडवली नफ्यावर कर लागत नाही, पण तो पुसलाही जात नाही. घराबरोबर मुलाकडे जातो. मुलानं पुढे घर विकलं, तर खरेदीची किंमत वडिलांनी मोजलेली धरतात. वडिलांनी ते १ एप्रिल २००१ च्या आधी घेतलं असेल, तर त्या दिवसाचा बाजारभाव धरता येतो. म्हणून घराबरोबर जुनं खरेदीखतही मुलाच्या हाती द्यायला हवं.

मुलं परदेशात असतील तर

इंदूरच्या किती घरांतली मुलं आज लंडनला, न्यू जर्सीला आहेत. तिकडे पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर. जोडप्याची दोघांची वेगवेगळी. भेटीपोटी वर्षात दहा लाख रुपयांवर जाणाऱ्या रकमेवर बँक २० टक्के आगाऊ कर कापते. विवरणपत्र भरताना तो वळता होतो किंवा परत मिळतो. अमेरिकेतल्या मुलाला परदेशातल्या आईवडिलांकडून वर्षात एक लाख डॉलरपेक्षा जास्त भेट मिळाली, तर तिकडे कर नाही, पण ३५२० क्रमांकाचा फॉर्म भरावाच लागतो. उलट बाजूनं, इथं बसून अमेरिकी कंपन्यांचे शेअर घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: अमेरिकेत न राहणाऱ्या परदेशी माणसाच्या मागे तिथली ६० हजार डॉलरवरची मालमत्ता राहिली, तर तिकडचा मृत्यूनंतरचा मालमत्ता कर लागू शकतो.

ब्रिटनमध्ये वारसा कर आजही जिवंत आहे. मृताच्या मालमत्तेतले सव्वातीन लाख पौंड सूट, त्यावर ४० टक्के. राहतं घर मुला-नातवंडांना गेलं, तर आणखी पावणेदोन लाखांपर्यंत सूट. पहिल्या जोडीदाराची न वापरलेली सूट दुसऱ्याला मिळते, म्हणून जोडप्याचे मिळून दहा लाख पौंडांपर्यंत सुटू शकतात. शिवाय प्रत्येकानं वर्षाला तीन हजार पौंड निर्धास्त द्यावेत, मुलाच्या लग्नात पाच हजार.

त्याहून मोठी भेट दिली, तर घड्याळ सुरू होतं. दिल्यानंतर सात वर्षं देणारा जगला, की ती भेट हिशेबाबाहेर. आधी गेला, तर आत. समजा, लंडनमध्ये आयुष्य काढलेल्या एका वडिलांनी मुलीला सव्वाचार लाख पौंड दिले आणि साडेपाच वर्षांनी ते गेले. इतर सवलती बाजूला ठेवल्या, तर सव्वातीन लाख मूळ सुटीत बसतात आणि उरलेल्या एक लाखावर ४० ऐवजी १६ टक्के, म्हणजे १६ हजार पौंड मुलीला भरावे लागतात. आणि घर मुलाच्या नावावर करून आईवडील भाडं न देता तिथेच राहिले, तर सात वर्षांचं घड्याळ सुरूच होत नाही. आपल्या जुन्या इस्टेट ड्यूटीतली अट इथूनच आली होती. इंग्रजी कायद्यात तुळशीपत्र नाही, पण कसोटी तीच आहे.

पाणी सोडण्याआधी

इथपर्यंत कायदा विचारत होता, खरंच सोडलं का? आता देणाऱ्यानं स्वतःला विचारायचा प्रश्न: सोडल्यावर माझं कसं होईल?

मध्य प्रदेशातल्याच छतरपूरच्या एका आईचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९६८ मध्ये घेतलेली मालमत्ता तिनं २०१९ मध्ये मुलाला बक्षीस दिली. मुलगा सांभाळ करील, असं लिहून झालं होतं. त्यानं ते पाळलं नाही, अशी तिची तक्रार होती. आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा, २००७ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांनी बक्षीसपत्र रद्द केलं. उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं मुलाच्या बाजूनं निर्णय दिला. शेवटी २ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं आईची मालमत्ता तिला परत दिली. ती तरली, कारण सांभाळाची अट कागदावर होती. या कायद्याच्या २३ व्या कलमाचा आधार अशी अट असेल तरच मिळतो. २०२२ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात अशी अट दिसली नाही, म्हणून याच न्यायालयानं देणाऱ्या आईला हात दिला नव्हता.

मृत्युपत्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येतं. बक्षीसपत्र एकदा पुरं झालं, की अशी अट नसेल तर मागे घेता येत नाही. आपल्याकडे वारसा कर नाही, त्यामुळे कर वाचवायला म्हणून घाईनं राहतं घर मुलांच्या नावावर करायचं एकही कारण नाही. मुलीला आज गरज आहे म्हणून पैसे द्यावेत, मनापासून द्यावेत, आणि दिल्यावर त्यांचा हिशेब विचारू नये. पण छप्पर, औषधपाणी आणि दर महिन्याचा खर्च भागेल एवढं धन दोघांपैकी मागे राहणाऱ्याच्या नावावर असलंच पाहिजे. ते आधी एका कागदावर मांडा, मग बक्षीसपत्र लिहायला घ्या.

आणि घर द्यायचंच ठरलं, तर मजकुरात एक ओळ वकिलाला सांगून घालून घ्या: ‘बक्षीस घेणारा देणाऱ्यांचा, दोघांचाही, हयात असेपर्यंत सांभाळ करील, न केल्यास हे बक्षीसपत्र रद्द समजावे.’ लिहिताना संकोच वाटेल. मुलासमोर ती वाचताना आवाजही अडखळेल. तरी वाचा. चांगल्या मुलाला त्या ओळीचा कधीच त्रास होत नाही.